पहिला येऊनही बाद: पॅरिसच्या ‘प्री दामेरिक’ शर्यतीची शंभर वर्षे

दर वर्षी जानेवारीच्या शेवटच्या रविवारी पॅरिसच्या पूर्वेकडील व्हँसेनच्या रेसकोर्सवर घोड्यांची एक मोठी शर्यत होते आणि तिच्या चित्रफिती पुढे काही दिवस समाजमाध्यमांवर फिरत राहतात. महालक्ष्मीची किंवा पुण्याची शर्यत पाहिलेल्या माणसालाही त्या बुचकळ्यात टाकतात. घोड्याच्या पाठीवर जॉकी नसतो. मागे जोडलेल्या दोन चाकांच्या, अगदी हलक्या गाडीत पाय पुढे ताणून एक माणूस बसलेला असतो. घोडे जोरात चाललेले दिसतात, पण एकही चौखूर उधळत नाही. मध्येच एखादा घोडा, कधी कधी आघाडीवरचाच, चार उड्या मारतो आणि निवेदक तो बाद झाल्याचे जाहीर करतो. जो घोडा अधिक वेगाने पळू लागला त्यालाच बाहेर काढण्याची ही कोणती रीत, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडला तर नवल नाही.

या शर्यतीचे नाव ‘प्री दामेरिक’, म्हणजे अमेरिकेच्या नावाचे पारितोषिक. घोडागाडीच्या शर्यतींमध्ये जगात हिचा मान सर्वांत मोठा समजला जातो. बक्षिसाची एकूण रक्कम दहा लाख युरोंच्या घरात असते आणि मैदानात जास्तीत जास्त अठरा घोडे उतरतात. हिचे नियम लहरी वाटतात, पण ते तसे नाहीत. शर्यत घोड्यांची असली तरी ती मुळात पुढच्या पिढीचे आईबाप निवडण्यासाठी घेतली जाते, एवढे एक सूत्र हाती धरले की चालीच्या नियमापासून परदेशी घोड्यांवरील वादांपर्यंत या शर्यतीचा बहुतेक इतिहास उलगडत जातो.

दुडकी चाल म्हणजे नेमके काय

घोड्याच्या मुख्य चाली म्हणजे साधी पावले, दुडकी, आणि तिच्यापेक्षा वेगवान अशी भरधाव दौड. दुडकीत घोडा कर्णरेषेतले दोन पाय एकाच वेळी उचलतो: पुढचा उजवा आणि मागचा डावा, मग पुढचा डावा आणि मागचा उजवा. ही चाल दोन ठोक्यांची आणि सारख्या तालाची असते, त्यामुळे तिच्यात ऊर्जा कमी खर्च होते आणि मागची गाडी फारसे हिसके न बसता चालते. दौडीत हा ताल मोडतो आणि घोडा अक्षरशः झेपा घेऊ लागतो. अमेरिकेत आणखी एक चाल लोकप्रिय आहे. तिच्यात एकाच बाजूचे दोन्ही पाय एकत्र हलतात आणि तिला ‘पेस’ म्हणतात. फ्रान्समध्ये मात्र शर्यत होते ती केवळ दुडकीची.

ऑलिंपिकमधली चालण्याची शर्यत आठवली तर नियमाचे मर्म चटकन कळते. तिथला स्पर्धक धावू शकत नाही असे नाही. पण धावला तर स्पर्धेचा विषयच बदलतो, म्हणून पंच त्याला बाहेर काढतात. दुडकीच्या शर्यतीतही घोड्याने क्षणभर चाल मोडली तर चालकाने त्याला ताबडतोब आवरून तालावर आणायचे असते. घोडा सावरला नाही, दौडीमुळे त्याला फायदा मिळाला किंवा निर्णायक टप्प्यात चाल मोडली, तर पंच चित्रीकरण तपासून त्याला बाद ठरवतात. म्हणूनच अंतिम रेषा सर्वांत आधी ओलांडलेला घोडा आणि जाहीर झालेला विजेता हे नेहमी एकच असतात असे नाही. आपल्याकडे सांगली-कोल्हापूर पट्ट्यात होणाऱ्या घोडागाडीच्या शर्यतींत आधी कोण पोहोचतो यालाच महत्त्व असते, त्यामुळे तिथल्या शौकिनाला हा नियम विशेष खटकेल.

यावरून हे घोडे संथ असतात असा समज होऊ नये. फ्रान्समध्ये वेग सांगण्याची पद्धत म्हणजे एका किलोमीटरला किती वेळ लागला ते सांगणे. अलीकडचे विजेते दर किलोमीटरला एक मिनिट अकरा सेकंदांच्या आसपास असतात. म्हणजे ताशी पन्नास किलोमीटर वेगाने, मागे माणूस बसलेली गाडी घेऊन, ते सव्वातीन मिनिटांच्या आत २,७०० मीटर अंतर कापतात, आणि तेही एकदाही दौडीवर न जाता. घोड्याचे सगळे शरीर त्याला दौडायला सांगत असते. त्या ओढीच्या अगदी काठावर त्याला सव्वातीन मिनिटे धरून ठेवणे हे चालकाचे खरे कसब, आणि माझ्या मते ही शर्यत पाहण्याची खरी गंमतही तिथेच आहे.

दुडकीचीच शर्यत कशाला?

मोटारी येण्यापूर्वी टपालाच्या गाड्या, डॉक्टरांच्या बग्ग्या, सैन्याचे सामान आणि तोफा ओढणारे घोडे दिवसभर चालत ते दुडकीने. तासन्‌तास दौडणारा घोडा कुणाला नकोच होता, कारण असा घोडा नसतोच. तेव्हा कोणत्या नराची आणि मादीची पिल्ले कामाला दमदार निघतील हे ठरवायचे तर त्यांना त्याच चालीत जोखायला हवे, असा विचार फ्रान्सच्या सरकारी अश्वपैदास खात्यातील काही अधिकाऱ्यांनी मांडला. एफ्रेम हूएल हा त्यांपैकी एक. त्याच्या पुढाकाराने १८३६ मध्ये नॉर्मंडीतील शेरबूर इथे दुडकीच्या शर्यती झाल्या आणि फ्रान्समधील या खेळाचा आरंभ तिथून धरला जातो. १८६४ मध्ये नॉर्मंडीतच, काँ शहरात, या शर्यतींना उत्तेजन देणारी संस्था स्थापन झाली. आज हा सारा कारभार ‘ल त्रो’ या नावाने चालतो. सुरुवातीला घोड्यावर स्वार बसूनही शर्यत होई, आणि ती परंपरा अजून टिकून आहे. स्वार बसून होणारी ‘प्री द कोर्न्युलिए’ ही मोठी शर्यत त्याच हिवाळी हंगामात व्हँसेनलाच होते.

अटलांटिकच्या पलीकडे अमेरिकेत याच सुमारास वेगळ्या वाटेने अशीच जात घडत होती. हॅम्बल्टोनियन नावाचा, १८४९ मध्ये जन्मलेला एक घोडा तिथल्या बहुतेक सगळ्या वंशावळींच्या मुळाशी आहे. १८७९ मध्ये तिथे एक कसोटी ठरली: एक मैल अडीच मिनिटांत पार करू शकेल किंवा अशा घोड्यांना जन्म देईल, त्यालाच नोंदवहीत स्थान. या ठरवलेल्या ‘स्टँडर्ड’वरूनच त्या जातीला स्टँडर्डब्रेड हे नाव पडले. अमेरिकन घोडा सपाट, लहान मैदानावर मैलभराच्या अंतरासाठी घडला, तर फ्रेंच घोडा नॉर्मन घोड्यांच्या दणकट रक्तातून, लांब पल्ल्यासाठी आणि चढउतारासाठी घडला. हा फरक पुढच्या शंभर वर्षांच्या वादाचे मूळ आहे.

१९२०: फ्रेंच शर्यतीला अमेरिकेचे नाव

पहिल्या महायुद्धात अमेरिका १९१७ मध्ये उतरली आणि १९१८ मध्ये तिचे सैन्य मोठ्या संख्येने फ्रान्सच्या आघाडीवर लढले. युद्ध संपल्यावर पॅरिसमध्ये या मदतीबद्दल कृतज्ञतेची लाट होती. व्हँसेनच्या त्याच वनराईत १९१९ मध्ये अमेरिकन सैन्याने जनरल पर्शिंगच्या नावाचे क्रीडांगण बांधले आणि तिथे दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांचे क्रीडासामने झाले. त्याच वातावरणात, अमेरिकेने युद्धात केलेल्या मदतीच्या सन्मानार्थ, फ्रेंच संस्थेने आपल्या सर्वांत मोठ्या आंतरराष्ट्रीय शर्यतीला तिचे नाव दिले. १ फेब्रुवारी १९२० रोजी पहिली ‘प्री दामेरिक’ झाली. जिंकणाऱ्या घोड्याचे नाव योगायोगाने ‘प्रो पात्रिया’, लॅटिनमध्ये ‘मायभूमीसाठी’ असे होते. पुढच्या वर्षीही तोच जिंकला.

मोठी शर्यत ऐन थंडीत घेण्यामागे व्यवहार आहे. पॅरिसच्या बाकीच्या रेसकोर्सवर जॉकी बसलेले घोडे हिरवळीवर दौडतात आणि हिवाळ्यात ती मैदाने चिखलाने निरुपयोगी होतात. व्हँसेनची धावपट्टी मात्र कोळशाच्या काळ्या जळक्या खडीची आहे. तिच्यात पाणी साचत नाही, त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च हा काळ दुडकीच्या वाट्याला आला आणि पैज लावणारे प्रेक्षकही तिकडे वळले. तेव्हापासून दुसऱ्या महायुद्धातील १९४० आणि १९४१ ही दोन वर्षे वगळता शर्यत चुकलेली नाही.

मैदानाच्या रचनेनेही इतिहास घडवला आहे. सुमारे दोन किलोमीटरची ही मोठी धावपट्टी सपाट नाही. घोडे प्रेक्षागाराच्या समोरून जातात, मग उतार लागतो, नंतर सपाटी, आणि अगदी दमायच्या वेळी चढण येते. ती चढून आले की अखेरचा लांब सरळ पट्टा उरतो. उतारावर मोहाने पुढे निघालेला घोडा चढणीवर संपतो, हे इथे पिढ्यान्‌पिढ्या दिसत आले आहे. अंतर सुरुवातीला साधारण अडीच किलोमीटर होते. ते अनेकदा बदलत गेले आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापासून २,७०० मीटरवर स्थिर झाले.

सुरुवातही बाहेरच्या घोड्यांना अवघड जाते. जगात बहुतेक ठिकाणी पंख पसरलेली एक मोटार पुढे धावते, घोडे तिच्यामागे एका ओळीत वेग घेतात आणि मोटार बाजूला होताच शर्यत सुरू होते. ‘प्री दामेरिक’मध्ये मात्र घोडे जागेवर गोल फिरतात आणि वळता वळताच इशारा मिळून सुटतात. तापट घोडा इथे पहिल्याच झेपेला चाल मोडून बसतो. मोटारीमागे सुरुवात केली तर शर्यत अधिक न्याय्य होईल, असे काहींना वाटते. परंतु आईबाप निवडायचे तर घोड्याचा स्वभावही पारखायला हवा असे मानले, की जुनी पद्धत का टिकली ते समजते.

परदेशी आले, दरवाजा बंद झाला

शर्यत आंतरराष्ट्रीय केली म्हणजे परदेशी जिंकणारच. १९३० च्या दशकात जर्मन आणि इटालियन मालकांनी अमेरिकेतून उत्तम घोडे विकत आणले आणि व्हँसेनवर उतरवले. वॉल्टर डिअर हा त्यांतला नामांकित. १९२९ मध्ये त्याने अमेरिकेतील हॅम्बल्टोनियन ही तीन वर्षांच्या घोड्यांची सर्वांत मानाची शर्यत जिंकली होती आणि १९३४ मध्ये चार्ली मिल्स या चालकाच्या हाताखाली त्याने ‘प्री दामेरिक’ही जिंकली. त्यानंतर १९३५ आणि १९३७ मध्ये इटालियन मालकीचा, पण अमेरिकन रक्ताचा मसलटोन जिंकला. ज्या देशाच्या सन्मानार्थ शर्यत सुरू केली, त्याच देशाचे घोडे दुसऱ्यांच्या रंगात येऊन बक्षीस घेऊन जाऊ लागले.

१९३७ मध्येच फ्रेंच दुडकीच्या घोड्यांची वंशनोंदवही परदेशी रक्ताला बंद करण्यात आली. वंशनोंदवही म्हणजे कोणत्या घोड्याला त्या जातीचा मानायचे याचा अधिकृत दाखला. ती बंद झाल्यामुळे फ्रान्समध्ये जन्मलेल्या पण अमेरिकन बाप असलेल्या शिंगरांना फ्रेंच घोडा म्हणून नोंद मिळेना आणि फ्रेंच घोड्यांसाठीच राखलेल्या असंख्य शर्यतीही खेळता येईनात. याकडे निव्वळ संरक्षणवाद म्हणून पाहता येते आणि त्यात तथ्यही आहे, कारण शेतकरी-पैदासकारांचे उत्पन्न यात गुंतलेले होते. पण दुसरी बाजू अशी, की त्या बंदिस्त काळातच फ्रेंच घोड्याचा लांब पल्ल्याचा दम आणि चढणीवरचा टिकाव जपला गेला. कित्येक दशकांनंतर मर्यादित प्रमाणात अमेरिकन रक्ताला पुन्हा वाट देण्यात आली, आणि आजचे वेगवान फ्रेंच घोडे या दोन्ही धोरणांचे मिश्र फळ आहेत. माझ्या मते दरवाजा बंद करण्याइतकाच तो योग्य वेळी किलकिला करण्याचाही या यशात वाटा आहे.

घोड्यांवर मात करणाऱ्या घोड्या

या शर्यतीत नर आणि मादी एकत्र धावतात आणि तिचा इतिहास मुख्यतः घोड्यांनी घडवला असे मानणाऱ्याने विजेत्यांची यादी एकदा वाचावी. उरानी ही घोडी १९२६ ते १९२८ अशी लागोपाठ तीन वर्षे जिंकली. १९५६ आणि १९५७ ही वर्षे जेलिनोत या घोडीची. त्यानंतर आली रोकेपीन: १९६६, १९६७ आणि १९६८. तिने १९६७ आणि १९६८ मध्ये न्यूयॉर्कची आंतरराष्ट्रीय शर्यतही जिंकली. याउलट तिच्या पाठोपाठ आलेली उन द मे ही घोडी न्यूयॉर्कला १९६९ आणि १९७१ मध्ये जिंकूनही व्हँसेनची मोठी शर्यत तिला कधीच मिळाली नाही, आणि फ्रेंच शौकिनांत त्याची हळहळ अजून ऐकू येते. चालकांमध्ये बाई पहिल्यांदा जिंकली ती १९९५ मध्ये: स्वीडनच्या हेलेन युहान्सन यांनी इना स्कॉट या घोडीला विजयी केले.

नरांमध्ये बेलिनो दुसरा १९७५ ते १९७७ असा तीनदा जिंकला. स्वार बसलेली आणि गाडी जोडलेली अशा दोन्ही प्रकारांत अव्वल असण्याचा दुर्मीळ मान त्याचा. पण लोकप्रियतेत उराझीच्या जवळपासही कोणी नाही. हा १९८० मध्ये जन्मलेला तांबूस घोडा शर्यतीत बराच वेळ मागे रमतगमत चाले आणि अखेरच्या सरळ पट्ट्यावर एकेकाला मागे टाकी. त्यामुळे लोकांनी त्याला ‘आळशी राजा’ म्हणायला सुरुवात केली. १९८६, १९८७ आणि १९८८ या तीन विजयांत त्याचा चालक होता ज्याँ-रेने गूज्याँ. रोकेपीन आणि बेलिनो दुसरा यांच्यासह चालक म्हणून या शर्यतीतील त्याचे विजय आठ. १९८९ मध्ये क्वेला जेदे या घोडीने उराझीला हरवले तेव्हा त्याचे दिवस संपले असेच सर्वांना वाटले. १९९० मध्ये, दहा वर्षांचा असताना, ज्याँ-रेनेचा भाऊ मिशेल-मार्सेल याच्या हाताखाली तो चौथ्यांदा जिंकला. चार वेळा जिंकलेला दुसरा घोडा या शर्यतीत झालेला नाही.

आणि तरीही पैदासकाराच्या वहीत उराझी नापास ठरला. मैदानावरील राजाला बाप होण्यात विशेष रस नव्हता. त्याची शिंगरे थोडी झाली आणि त्यांतून तोडीचा वारस निघाला नाही. २०१३ मध्ये, तेहतीस वर्षांचा होऊन तो मेला, तोवर लोक त्याला पाहायला जात असत.

हिला आंतरराष्ट्रीय कितपत म्हणायचे?

रास्त शंका अशी की बहुतेक विजेते फ्रेंच आहेत. मग आंतरराष्ट्रीय हे बिरूद नावापुरतेच का? मैदान, सुरुवात आणि अंतर फ्रेंच घोड्याला अनुकूल आहेत हे उघड आहे. तरी परदेशी विजयांना तुटवडा नाही. इटलीचा वारेन २००१ आणि २००२ मध्ये जिंकला. पॅरिसमध्ये ज्या रस्त्यावर इटलीची वकिलात आहे त्याचे नाव त्याला दिले होते. २००१ मध्येच त्याने स्टॉकहोमची एलिटलोप्पेत आणि अमेरिकेतील ब्रीडर्स क्राउन याही शर्यती जिंकल्या. २०१४ चा विजेता स्वीडनचा महाराजा. २०१८ मध्ये स्वीडनचाच रीडली एक्सप्रेस जिंकला आणि त्याचा चालक ब्यॉर्न गूप याचा पाय काही आठवड्यांपूर्वी व्हँसेनवरच्याच अपघातात मोडला होता. गूपने पुढे २०२० आणि २०२१ मध्ये फ्रान्सच्या फेस टाइम बूर्बोंला विजय मिळवून दिला. २०२४ आणि २०२५ मध्ये जिंकलेला इदाओ द तियार मात्र पूर्णपणे फ्रेंच परंपरेतला. त्याचा चालक क्लेमाँ द्युवाल्देस्तँ आणि प्रशिक्षक त्याचेच वडील तिएरी.

जिच्या नावाने शर्यत आहे ती अमेरिका कुठे आहे? अमेरिकन घोड्यांचे खरे यश १९७४ मध्ये डेल्मोनिका हॅनोव्हरचे आणि १९९९ मध्ये मोनी मेकरचे, दोन्ही घोड्या. आणि दोघींचे चालक युरोपीय, पहिलीचा जर्मन हान्स फ्रोमिंग, दुसरीचा फ्रेंच ज्याँ-मिशेल बाझीर. अमेरिकन घोडे न येण्याची कारणे साधी आहेत. तिकडे बहुतेक शर्यती मैलभराच्या, मोटारीमागे सुरू होणाऱ्या आणि पेस चालीच्या असतात. मोठे पैसे दोन-तीन वर्षांच्या कोवळ्या घोड्यांवर असतात, तर व्हँसेनला चार ते दहा वर्षांचे घोडे लागतात. तिकडे शर्यतीच्या दिवशी चालणारे एक औषध युरोपात निषिद्ध आहे. शिवाय भर हिवाळ्यात विमानाने घोडा न्यायचा आणि त्याला चढण व गोल सुरुवात शिकवायची, एवढा खटाटोप एका शर्यतीसाठी फार थोडे मालक करतात.

उलट दिशेने वाहतूक जास्त झाली. न्यूयॉर्कजवळच्या रूझवेल्ट रेसवेवर १९५९ मध्ये ‘इंटरनॅशनल ट्रॉट’ सुरू झाली आणि पहिलीच शर्यत जिंकला झामँ, १९५८ आणि १९५९ चा ‘प्री दामेरिक’ विजेता. त्याला आर्टिचोक नावाची भाजी खायची सवय होती आणि न्यूयॉर्कला ती मिळेना; ही बातमी छापून येताच लोकांनी भाजी पाठवायला सुरुवात केली. आयोजकांनी ही हकीकत प्रसिद्धीसाठी चांगलीच फुलवली, हे वेगळे सांगायला नको. रूझवेल्ट रेसवे १९८८ मध्ये बंद पडले, ती शर्यत न्यूयॉर्कच्याच यॉन्कर्सला गेली आणि १९९५ नंतर वीस वर्षे झालीच नाही. स्टॉकहोमच्या सोल्व्हाला मैदानावर १९५२ पासून चालणारी एलिटलोप्पेत मात्र भक्कम उभी आहे. तिच्यात मैलभराच्या प्राथमिक फेऱ्या आणि अंतिम फेरी एकाच दिवशी होतात. व्हँसेन दम पाहते तर सोल्व्हाला वेग, आणि दोन्ही जिंकणारा घोडा दुर्मीळ असतो तो यामुळेच.

खच्ची घोड्यांना प्रवेश का नाही?

शर्यतीच्या घोड्यांपैकी अनेकांना शांत राहावे म्हणून खच्ची केले जाते. ते उत्तम धावतात, पण ‘प्री दामेरिक’मध्ये त्यांना मज्जाव आहे. केवळ खेळ म्हणून पाहिले तर हा अन्याय आहे आणि परदेशी मालक तसे म्हणतातही, कारण त्यामुळे काही अव्वल घोडे बाहेर राहतात. पण ज्याला संतती होणार नाही तो निवडून पैदासकाराला उपयोग काय, हे फ्रेंच संस्थेचे उत्तर आहे.

या उत्तराची ताकद एका उदाहरणात दिसते. रेडी कॅश हा घोडा २०११ आणि २०१२ मध्ये जिंकला. २०१६ आणि २०१७ चा विजेता बोल्ड ईगल, २०१८ चा रीडली एक्सप्रेस, २०२० आणि २०२१ चा फेस टाइम बूर्बों हे तिन्ही त्याचे मुलगे. एका बापाने सहा वर्षांतल्या पाच शर्यती आपल्या घरात आणल्या. यातच धोकाही आहे: सगळे त्याच बापाकडे धावले तर जातीतील रक्ताचे वैविध्य घटते. म्हणून एका नराकडून वर्षाला किती घोड्यांना गाभण करवायचे यावर फ्रान्समध्ये कमाल मर्यादा घातलेली आहे.

जाता जाता एक सोय: फ्रेंच घोड्याच्या नावावरून त्याचे वय कळते, कारण प्रत्येक जन्मवर्षाला रोमन लिपीतले एक अक्षर ठरवून दिलेले असते. २०११ ला ‘बी’, म्हणून बोल्ड ईगल. २०१५ ला ‘एफ’, म्हणून फेस टाइम बूर्बों. २०१८ ला ‘आय’, म्हणून इदाओ.

शेवटी हा जुगारच ना?

पैसा पैजांतून येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र तिथे बुकी नाही. सर्व पैजांची रक्कम एका सामायिक खात्यात जमा होते, त्यातून कर आणि संस्थांचा वाटा वजा होतो आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जाते. आपल्या महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर ‘टोट’ चालतो तो याच तत्त्वावर. फ्रान्समध्ये या व्यवस्थेला ‘पेएमयू’ म्हणतात. १९५४ मध्ये तिने पहिले तीन घोडे क्रमाने ओळखण्याची पैज आणली आणि रविवारी सकाळी कॅफेत बसून कागदावर खुणा करणे हा सामान्य फ्रेंच माणसाचा छंद झाला. संस्थांच्या वाट्यातूनच बक्षिसे, मैदाने आणि पैदासकारांची अनुदाने निघतात. म्हणजे नॉर्मंडीच्या शेतकऱ्याचे उत्पन्न शहरातल्या पैज लावणाऱ्याच्या खिशाशी बांधलेले आहे. हे त्या व्यवस्थेचे समर्थन होऊ शकत नाही, पण ती सहजासहजी मोडता का येत नाही याचे कारण त्यात आहे.

घोड्याला त्रास होत नाही का?

सर्वांत गंभीर आक्षेप हा आहे. चाबकाच्या वापरावर मर्यादा आहेत आणि रक्त-लघवीच्या तपासण्या होतात. दुडकीच्या शर्यतींतला खास प्रश्न नालांचा. नाल काढले की खूर हलके होतात आणि घोडा अधिक वेगाने चालतो, म्हणून मोठ्या शर्यतीत अनेकांच्या चारही पायांचे नाल काढलेले असतात. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर घोड्याला बिननाली उतरवण्यास मनाई आहे, कारण गोठलेल्या जमिनीवर खूर झिजतो आणि घोड्याला वेदना होऊ शकतात. तोच स्वीडिश घोडा जानेवारीत पॅरिसला आला की बिननाली धावू शकतो. एकाच प्राण्याच्या खुराबद्दल दोन देशांचे दोन निर्णय असणे मला पटत नाही. खडीची धावपट्टी वेगळी असते हे फ्रेंच उत्तर अर्धेच आहे, कारण खूर झिजतो तो तिच्यावरही.

शर्यतीपर्यंत आणि तिच्यानंतर

जानेवारीच्या त्या रविवारी कोण उतरेल हे हंगामभर ठरत जाते. अनेक वर्षे ब्रेताञ, बूर्बोने, बूर्गोञ आणि बेल्जिक या ‘ब’ अक्षराच्या चार शर्यतींतील पहिल्या तिघांना थेट प्रवेश मिळे आणि उरलेल्या जागा कारकिर्दीतील कमाईवरून भरत. अलीकडे या साऱ्या शर्यती एका मालिकेत गुंफल्या गेल्या आहेत.

विजेत्यापुढे फेब्रुवारीत आणखी दोन शर्यती असतात: मोटारीमागे सुरू होणारी २,१०० मीटरची ‘प्री द फ्राँस’ आणि ४,१५० मीटरची ‘प्री द पारी’. पहिलीत स्फोटक वेग हवा, दुसरीत जवळपास दुप्पट अंतराचा दम, आणि दोन्हींच्या गरजा परस्परविरोधी असल्याने तिन्ही शर्यती एकाच हिवाळ्यात जिंकणे फारच थोड्यांना साधले आहे. रेडी कॅशचा मुलगा बोल्ड ईगल याला २०१७ मध्ये ते जमले, आणि त्याच्याकडे पैदासीसाठी घोड्या आणणाऱ्यांची गर्दी वाढायला आणखी कशाची गरज राहिली नाही.